ऑइलच्या झाकणाखालचा पिवळट थर: हेड गॅस्केट गेलं, की इंजिन नीट तापत नाही?

धागाकर्ता
थंडी पडली की हा प्रश्न ठरलेला. ऑइल भरायचं झाकण उघडलं, आत पिवळट पांढरा चिकट थर दिसला आणि मेकॅनिक म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील; ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये मिसळू शकतं. माझं म्हणणं सरळ आहे: नुसत्या झाकणावरून हेड उतरवायचा निर्णय घेऊ नये, आणि गाडीमालकाने त्याला मान डोलावू नये.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट आणि ऑइल असतं त्या भागात) उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. यालाच ब्लो-बाय म्हणतात. इंजिन व्यवस्थित तापलेलं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी झडप) ही वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, खेचून घेतो आणि ती सिलिंडरमधून जाऊन बाहेर पडते. इंजिन गार असेल तर वाफ थंड पत्र्यावर, प्लॅस्टिकवर बसते. झाकण सगळ्यात वर, बाहेरच्या हवेला लागून, म्हणून ते आधी भरतं. तिथे पाणी आणि ऑइल घुसळलं जातं आणि हा थर तयार होतो.

म्हणून आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा. त्यावरचं ऑइल स्वच्छ तपकिरी आहे, कूलंटची पातळी हलत नाही, कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग नाही, गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत नाही, तर बहुतेक वेळा ही छोट्या फेऱ्यांची खूण असते.

पानापेटी
असहमत. मी इंजिनं उघडतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज बघतो. "बहुतेक वेळा" हे शब्द वाचून लोक झाकण पुसतात आणि विसरतात. गॅस्केट एकदम उडतंच असं नाही, कूलंट आधी थेंबाथेंबाने झिरपतं. त्यातलं ग्लायकॉल ऑइलचा वंगणपणा मारतं आणि सगळ्यात आधी बेअरिंगं खातं. डिपस्टिक दुधाळ व्हायची वाट बघितलीत तर क्रँकशाफ्टवर ओरखडे पडलेले असतात. मेकॅनिक घाबरवतो असं म्हणणं सोपं आहे. पण त्याने सांगितलं नाही आणि इंजिन जॅम झालं, तर दोष कोणाला देणार?

धागाकर्ता
विसरा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझा आक्षेप क्रमावर आहे. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती बघणं) होते. कूलंटच्या टाकीवर निळ्या द्रवाची नळी धरून जळलेला वायू तिथे येतोय का ते बघता येतं: आला तर कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडतो. दोन्हीला एकही हेड बोल्ट सैल करावा लागत नाही. या चाचण्या न करता इंजिन खोलायला सांगणं मला मान्य नाही.

रोजची_फेरी
तुम्ही दोघंही गॅस्केटवर भांडताय, पण गॅस्केट शाबूत असलं तरी हे पाणी निरुपद्रवी नाही. ज्वलनातून येणारी आम्लं त्यात विरघळतात आणि ती मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं लवकर संपतात. वर गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.
कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असंही नाही. ऑइल बरंच मागे असतं आणि त्यातलं पाणी उडायला ते शंभर अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणून ज्यांच्या फेऱ्या छोट्या, त्यांनी किलोमीटर न मोजता महिने मोजून ऑइल बदलावं. गाडीच्या पुस्तिकेत "कठीण वापर" असा वेगळा तक्ता असतो, त्यात छोट्या फेऱ्या बहुधा असतातच. तो कोणी उघडून बघत नाही याचं वाईट वाटतं.

सकाळची_गाडी
मग रोज उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून तापवलं तर?

रोजची_फेरी
नको. भार नसताना ऑइल फार हळू तापतं, आणि तोवर तीच वाफ, तेच पेट्रोल खाली उतरत राहतं. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

हायब्रिडवाला
आमच्याकडे तेही पुरत नाही. शहरात इंजिन सारखं बंद-चालू होतं, ऑइल तापायच्या आत पुन्हा गार. मी कॅच कॅन (क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल-पाणी अडवणारा डबा) बसवायच्या विचारात आहे.

पानापेटी
डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असेल तर विचार करा. तिथे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ऑइलच्या वाफेची काजळी धुतली जात नाही. पण डबा वेळच्या वेळी रिकामा केला नाही तर साचलेला गाळ इनटेकमध्ये ओढला जाऊ शकतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठून वाट बुजली तर क्रँककेसमध्ये दाब वाढून सील गळतात. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघा, तो बदलणं खूप सोपं.

धागाकर्त्यांना एवढंच: तुमच्या चाचण्या मला मान्य, पण थंड इंजिनावर पास झालेलं गॅस्केट तापल्यावर गळताना मी पाहिलंय. टेस्ट गरम इंजिनावरही करून घ्या, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण स्वतः उघडू नका. नंतर कूलंटच्या पातळीवर खूण करून महिनाभर लक्ष ठेवा. पातळी खाली गेली आणि बाहेर कुठे गळती सापडली नाही, तर मी इंजिन खोलायलाच सांगेन.