शनिवार-रविवारच्या टिपा: फुटबॉल आणि घोड्यांच्या शर्यती एकाच पैजेत गुंफाव्यात का?

शनिवारचा प्रेक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. इंग्लंडमधील फुटबॉल मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि अलीकडे तिथल्या घोड्यांच्या शर्यतींकडेही लक्ष देऊ लागलो आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी एक टिपस्टर (पैजेसाठी निवडी सुचवणारे) शनिवार-रविवारसाठी पाच नावे देतात. या आठवड्याची नावे अशी आहेत : तीन सामन्यांत यजमान संघ जिंकतील (भाव 1.50, 1.65 आणि 2.10, म्हणजे जिंकल्यास लावलेल्या दर 1 मागे मूळ रकमेसह तितके परत) आणि शनिवारच्या दोन शर्यतींत एकेक घोडा जिंकेल (भाव 3.00 आणि 4.50). पाचही नावे एकाच अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (सर्व निवडी बरोबर आल्या तरच पैसे देणाऱ्या साखळी पैजेत) लावावीत, म्हणजे एकूण भाव 70 च्या वर जातो, असा त्यांचा आग्रह असतो. आपल्या 60 टक्के टिपा बरोबर येतात, असेही ते सांगतात.

माझ्या मनात तीन शंका आहेत. 60 टक्के ही खरोखर मोठी कामगिरी आहे का? फुटबॉलची टिप आणि घोड्याची टिप एकाच निकषावर तपासता येते का? आणि पाच पैजा स्वतंत्रपणे लावणे व त्यांची साखळी करणे यांत नेमका किती फरक पडतो? जाणकारांनी आकड्यांसह समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

भावपारखी यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर सर्वांत सोपे आहे. भाव सांगितल्याशिवाय यशाची टक्केवारी निरर्थक असते. 1.50 भावाच्या पैजांत नुसता तोटा टाळण्यासाठीच तीनपैकी दोन, म्हणजे जवळजवळ 67 टक्के, टिपा बरोबर याव्या लागतात. तिथे 60 टक्के यश मिळवणारा माणूस दर 100 मागे 10 गमावत असतो. उलट 3.00 भावाच्या घोड्यांवर कोणी 40 टक्के यश मिळवत असेल, तर तो उत्तम कमाई करत आहे, जरी त्याच्या दर पाच टिपांपैकी तीन चुकत असल्या तरी. त्यामुळे टक्केवारी पुढे करून सरासरी भाव सांगायचे टाळणाऱ्या टिपस्टरविषयी माझे मत सहसा चांगले होत नाही.

आता साखळीकडे वळू. बुकमेकरचा, म्हणजे पैजा स्वीकारणाऱ्याचा, वाटा भावातच दडलेला असतो आणि तो कोणालाही मोजता येतो. तुमच्या 2.10 च्या सामन्यात बरोबरीचा भाव 3.40 आणि पाहुण्या संघाचा 3.60 आहे असे समजा. 1 ला प्रत्येक भावाने भागून आलेल्या संख्या टक्क्यांत मांडल्या, तर 47.6, 29.4 आणि 27.8 मिळतात, ज्यांची बेरीज 104.8 होते. शक्यतांची बेरीज 100 पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून वरचे 4.8 हे बुकमेकरचे. शर्यतीत हा वाटा पुष्कळदा बराच मोठा असतो, कारण घोडे जितके जास्त, तितक्या जागी थोडे थोडे कापता येते. आठ घोड्यांचे भाव 3.00, 4.50, 6.00, 7.00, 9.00, 13.00, 17.00 आणि 26.00 असतील, तर बेरीज 115 च्या आसपास जाते, आणि असे भाव मुळीच विलक्षण नाहीत.

अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये भावांचा गुणाकार होतो हे सगळ्यांना दिसते, पण त्याच वेळी या वाट्यांचाही गुणाकार होत असतो. तीन सामने प्रत्येकी 104.8 चे आणि दोन शर्यती प्रत्येकी 115 च्या धरल्या, तर एकूण गुणाकार सुमारे 1.52 येतो, म्हणजे लावलेल्या दर 100 मागे सरासरीने सुमारे 66 परत येण्याची अपेक्षा धरता येते. हाच हिशेब एकट्या फुटबॉल सामन्यासाठी केला तर 95 परत येतात. बुकमेकर साखळी पैजांची इतकी जाहिरात का करतात आणि त्यांवर बोनस का देतात, याचे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आहे. टिपस्टरची निवड बाजारापेक्षा खरोखर सरस असेल तर ती सरसताही गुणाकाराने वाढते, हे मान्य केले पाहिजे. पण पाचही निवडी तशा असाव्या लागतात, आणि शर्यतीतील 15 टक्क्यांची भिंत ओलांडणारी निवड दर शनिवारी दोनदा सापडणे फारच अवघड आहे.

रेसकार्ड यांचे उत्तर

भावपारखी यांचे गणित मला मान्य आहे. मी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण फुटबॉल पाहणारी मंडळी शर्यतीकडे वळताना याच ठिकाणी अडखळतात.

फुटबॉलमध्ये दोनच संघ असतात, ते वर्षभर डोळ्यांसमोर खेळत असतात आणि शुक्रवारी केलेला अंदाज शनिवारी दुपारी फार तर एखाद्या जखमी खेळाडूमुळे बिघडतो. घोड्याची टिप मात्र शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार या वेळात पूर्णपणे शिळी होऊ शकते. रात्रीत पाऊस झाला आणि जमीन ‘गुड’वरून ‘सॉफ्ट’वर (मऊ, ओलसर) गेली, तर कोरड्या जमिनीवर जिंकत आलेल्या घोड्याचा तो भाव कोणालाही नको असतो. शिवाय सरळ धावपट्टीवरच्या घोड्याला चेस्टरसारख्या सतत वळत जाणाऱ्या, आखूड मैदानावर पाच फर्लांगांच्या शर्यतीत बाहेरचा स्टॉल (सुरुवातीची जागा) मिळाला, तर त्याचे मागचे निकाल बाजूला ठेवावे लागतात. तिथे आतल्या बाजूचा कमी क्रमांकाचा स्टॉल मिळालेल्यांचे पारडे जड असते.

हँडिकॅप शर्यतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक घोड्याला त्याच्या रेटिंगप्रमाणे वजन दिलेले असते आणि रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पाउंड, असा हिशेब असतो. सर्वांना सारखी संधी मिळावी, हाच या वजनांचा हेतू. त्यामुळे ‘मागची शर्यत सहज जिंकला’ एवढेच कारण देणारी टिप अपुरी असते, कारण त्या विजयाची किंमत नव्या वजनात पुष्कळदा आधीच वसूल झालेली असते. आपला घोडा वाढीव वजन पेलूनही का जिंकेल, हे ज्या टिपेत सांगितलेले असेल, तीच पुढे वाचावी.

तुमच्या टिपस्टरने घोड्यांचे भाव शुक्रवारचे दिले आहेत, हेही महत्त्वाचे आहे. 28 सप्टेंबर 1996 हा शनिवार या बाबतीत आठवण्याजोगा आहे. त्या दिवशी अ‍ॅस्कटच्या मैदानावर जॉकी फ्रँकी डेटोरी यांनी त्या दिवसाच्या सातही शर्यती जिंकल्या. सातव्या शर्यतीतला त्यांचा घोडा फुजियामा क्रेस्ट सकाळी 12/1 भावाला (दर 1 मागे 12 नफा, म्हणजे 13.00) मिळत होता; पण सकाळपासून त्यांच्या सातही घोड्यांची साखळी लावलेल्या लोकांचे देणे बुकमेकरांच्या अंगावर येऊ लागले आणि सुरुवातीच्या क्षणी तो भाव 2/1 पर्यंत आला. घोडा तोच, जॉकी तोच, पाठीवरचे सर्वांत जास्त वजनही तेच. मात्र सकाळी घेणाऱ्याला 13 दिवसांतून एकदाच असा विजय मिळाला असता तरी बरोबरी साधली असती, तर शेवटच्या क्षणी घेणाऱ्याला तीनातून एकदा जिंकणे भाग होते. म्हणून शर्यतीची टिप ही घोड्याच्या नावाएवढीच भावाची असते, आणि शुक्रवारचा 4.50 शनिवारी दुपारी 3.25 झालेला दिसला तर ती टिप संपली असे समजावे.

फेव्हरिटच्या, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्याच्या, उलट टोकाला असलेल्या घोड्यांचा मोहही टाळावा. लांब भावाच्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, ही बाब 1949 मध्ये ग्रिफिथ यांनी शर्यतींच्या आकडेवारीवरून मांडली होती आणि नंतरच्या अभ्यासकांनाही ती वारंवार आढळली आहे. 1967 च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत पुढचे घोडे एका कुंपणापाशी एकमेकांत अडकले आणि मागून आलेला फॉइनाव्हन 100/1 भावाने जिंकला, ही कथा सुंदर आहे. पण तिच्या जोरावर दर आठवड्याला 100/1 शोधत बसणे म्हणजे बुकमेकरचा वाटा आणखी वाढवून देणे होय.

अतिरिक्त वेळ यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. अ‍ॅक्युम्युलेटर लावणारे बहुतेक लोक गुंतवणूक करत नसतात. थोड्या पैशांत शनिवारी सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत पाच निकालांची उत्सुकता त्यांना हवी असते. सिनेमाचे तिकीट काढताना आपण परताव्याचा हिशेब करत नाही, मग हा हिशेब फक्त इथेच का करावा? रक्कम आधी ठरलेली असेल आणि ती गेली असे समजूनच लावलेली असेल, तर 66 परत येतात की 95, याने करमणूक कमी होत नाही. लेस्टर सिटीने 2015-16 चे प्रीमियर लीग विजेतेपद 5000/1 भावाने मिळवले, तेव्हा मोसमाच्या सुरुवातीला चार पैसे लावून बसलेल्या मोजक्या लोकांचा आनंद कोणत्याही गणितात बसत नव्हता.

फुटबॉलच्या तीन निवडींविषयी मात्र सांगावेसे वाटते की तिन्ही यजमान संघ आहेत. लीग फुटबॉलमध्ये ढोबळमानाने चारातला एक सामना बरोबरीत सुटतो आणि टिपस्टर मंडळी नेमके त्याकडे दुर्लक्ष करतात, कारण बरोबरीची टिप वाचायला कोणाला आवडत नाही. युरोपीय सामना मंगळवार-बुधवारी खेळून आलेला संघ शनिवारी दुपारी मैदानात उतरतो, तेव्हा प्रशिक्षक काही खेळाडूंना विश्रांती देतात आणि संघाची यादी सामन्याच्या साधारण तासभर आधीच जाहीर होते. 1.50 भावाच्या संघाबाबत तरी ती यादी पाहिल्याशिवाय पैज लावू नये. अर्थात आपण राहतो तिथल्या कायद्याने ऑनलाइन पैजेला परवानगी आहे की नाही, हे या सगळ्याच्या आधी तपासलेले बरे.

शनिवारचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. माझी करमणुकीची बाजू ‘अतिरिक्त वेळ’ यांनी नेमकी ओळखली आहे. परंतु टिपस्टर मासिक वर्गणी मागत असल्यामुळे त्यांची निवड खरोखर चांगली आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. किती टिपांनंतर असा निष्कर्ष काढता येतो? आणि शर्यतीत एखादा घोडा ऐनवेळी धावलाच नाही, तर साखळीचे काय होते?

भावपारखी यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निराश करणारे आहे. सरासरी भाव 3.00 असलेल्या 100 टिपा समान रकमेने लावल्या आणि त्यांत कौशल्याचा लवलेश नसला, भाव अगदी न्याय्य असले, तरीही केवळ नशिबाने 14 टक्क्यांपर्यंत नफा किंवा तोटा होणे हे नेहमीच्या चढउतारातच मोडते. 1000 टिपांनंतर हीच मर्यादा साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. आठवड्याला पाच टिपा देणाऱ्याच्या 1000 टिपा व्हायला जवळजवळ चार वर्षे लागतील. तोवर तुम्ही वर्गणी भरत राहणार का, हा खरा प्रश्न आहे.

एक जवळचा मार्ग आहे. प्रत्येक टिप प्रसिद्ध झाली तेव्हाचा भाव आणि सामना किंवा शर्यत सुरू होतानाचा भाव, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. शेवटच्या भावात तोवरची बहुतेक माहिती मुरलेली असते. टिपस्टरने 2.10 ला सांगितलेला संघ सुरुवातीला वारंवार 1.95 वर आलेला दिसत असेल, तर निकाल काहीही लागो, त्याला काहीतरी कळते असे मानायला जागा आहे. भाव वारंवार 2.20 कडे सरकत असतील, तर चार शनिवार जिंकूनही उपयोग नाही. यात एक फसवणूक मात्र टाळावी लागते. काही टिपस्टरांचे अनुयायी इतके असतात की टिप येताच त्यांच्याच पैशाने भाव कोसळतो, विशेषतः लहान शर्यतींत. तेव्हा तुम्हाला प्रत्यक्ष मिळालेला भाव लिहावा, त्यांनी छापलेला नव्हे.

वर्गणी न घेणाऱ्यांकडेही सावधपणे पाहावे. टिपेसोबत बुकमेकरच्या खात्याची लिंक दिलेली असेल, तर त्या लिंकवरून आलेल्या ग्राहकांच्या तोट्यातला हिस्सा टिपस्टरला मिळण्याची व्यवस्था पुष्कळदा असते, आणि पाच नावांची साखळी सुचवण्याचे कारण तिथे सापडू शकते.

रेसकार्ड यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. घोडा धावलाच नाही, तर साखळीतील ती कडी साधारणपणे रद्द समजली जाते आणि पाचाची पैज चाराची होते. तुमच्या उदाहरणात 4.50 चा घोडा गळला, तर एकूण भाव 70 वरून साडेपंधराच्या जवळ येतो. दुसराच घोडा गळाला तर प्रकरण अधिक किचकट होते. 2/1 भावाचा प्रतिस्पर्धी उशिरा बाहेर पडला, तर ‘रूल 4’ प्रमाणे तुमच्या जिंकलेल्या रकमेतून प्रत्येक पाउंडामागे 30 पेन्स कापले जातात. म्हणजे 8/1 भावाच्या घोड्यावर 10 पाउंड लावून 80 मिळणार असतील, तर प्रत्यक्षात 56 हाती येतात.

ईच-वे (अर्धे पैसे विजयावर, अर्धे ‘प्लेस’वर, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर) लावणार असाल, तर आठ घोड्यांच्या शर्यतीकडे बारकाईने पाहा. आठ घोडे असतील, तर पहिल्या तीन क्रमांकांना विन भावाच्या एक-पंचमांशाने प्लेसचे पैसे मिळतात. सकाळी एक घोडा मागे घेतला गेला आणि सात उरले, तर दोनच क्रमांकांना एक-चतुर्थांशाने मिळतात. तिसरा येण्याच्या भरवशावर घेतलेली पैज त्या एका बातमीने बिघडते, म्हणून बरीच अनुभवी मंडळी नेमक्या आठ घोड्यांच्या शर्यतीत शनिवारी दुपारपर्यंत हात आखडता घेतात. या आठवड्यातील तुमच्या दोन शर्यतींत किती घोडे आहेत आणि जमिनीची स्थिती काय जाहीर झाली आहे, हे इथे लिहिलेत तर त्या दोन निवडींवर अधिक नेमकेपणाने बोलता येईल.