चालू प्रोग्रॅमला स्वतःच्या फाइलचा पाथ कसा कळणार? मदत हवी आहे

मंडळी, सी मध्ये एक टूल लिहितेय, बायनरीच्या (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्रॅम फाइलच्या) शेजारीच डेटाचा फोल्डर असतो आणि यूजरने तो सगळा संच उचलून कुठेही ठेवला तरी चालायला हवं, त्यामुळे कंपाइल करतानाच पाथ पक्का करून टाकणं बाद.

जो तो सांगतो की आर्ग-व्ही शून्य (मेनला मिळणाऱ्या यादीतली पहिली नोंद, प्रोग्रॅमचं नाव) बघ. पण तिथे एक्झेक करणारा (म्हणजे आपला प्रोग्रॅम सुरू करणारा) जे देईल तेच येतं ना? शेलमध्ये नुसतं नाव टाकून चालवलं की नुसतं नावच हाती येतं, शेलने ते कुठे शोधलं ते आपल्याला कळतच नाही, लॉगिन शेल असेल तर नावाच्या आधी डॅश असतो, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने मनाला येईल ते नाव दिलं तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काही हरकत घेत नाही. यावर विसंबायचं कसं?

लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/एक्झी (कर्नलने दिलेली, चालू प्रोग्रॅमच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) ला रीडलिंक (लिंक कुठे जाते ते वाचणारं फंक्शन) लावलं की छान पाथ मिळतो (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा नल मात्र आपणच लावायचा, रीडलिंक लावत नाही). पण क्रूटमध्ये (प्रोग्रॅमला एकाच फोल्डरपुरतं बंदिस्त केलं असताना) प्रॉक माउंटच नसेल तर? आणि चालू असताना अपडेटने जुनी फाइल उडवली तर पाथच्या शेपटीला 'डिलीटेड' चिकटून येतं, त्याचं काय करायचं? मॅक आणि फ्रीबीएसडीवर पण हे चालवायचंय. सगळीकडे चालेल असं एकच फंक्शन आहे का?

प्रतिसाद:
एकच असं नाही, पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक मानकात) याची सोयच नाही. कर्नल चालवतो ती फाइल, म्हणजे आयनोड (डिस्कवरची फाइलची मूळ नोंद), आणि त्याला हार्डलिंकने (त्याच फाइलला दिलेल्या आणखी एका नावाने) दोन नावं असू शकतात किंवा नंतर एकही उरत नाही, मग "खरा पाथ" कोणता म्हणायचा? त्यामुळे इफडेफ (सिस्टिम बघून कोडचा भाग निवडणारी अट) लावून प्रत्येक सिस्टिमचं वेगळं लिहावं लागतं. मॅकवर _एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथ आणि त्यावर रिअलपाथ (पूर्ण, खरा पाथ काढणारं फंक्शन), कारण सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल) तशीच येऊ शकते. फ्रीबीएसडीवर सिसकंट्रोलमध्ये (कर्नलकडून माहिती विचारायच्या कॉलमध्ये) केर्न-प्रॉक-पाथनेम, प्रॉक माउंट नसला तरी चालतं. ओपनबीएसडीवर असं काहीच नाही, तिथे आर्ग-व्हीवरूनच अंदाज बांधायचा.

लिनक्सवर प्रॉक नसेल तर गेटऑक्सव्हॅलला (कर्नलने सुरुवातीला दिलेली माहिती वाचणाऱ्या फंक्शनला) एटी-एक्झेकएफएन विचारा, एक्झेकला दिलेला पाथ मिळतो, रिलेटिव्ह असू शकतो म्हणून मेनच्या सुरुवातीलाच, सीएचडीआयआर (चालू फोल्डर बदलणं) करायच्या आत, रिअलपाथ करून घ्या. अपडेटचा त्रास टाळायला डेटा फोल्डर सुरुवातीलाच उघडून ठेवा आणि पुढे ओपनअ‍ॅट (उघडलेल्या फोल्डरच्या आधाराने फाइल उघडणारं फंक्शन) वापरा, मग पाथची गरजच उरत नाही. टूल सेटयूआयडी (चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालणारं) असेल तर मात्र यातलं काहीही करू नका, कुणीही आपल्या फोल्डरमध्ये हार्डलिंक करून भलताच डेटा गळ्यात मारेल.

धन्यवाद! सेटयूआयडी नाहीये, ओपनअ‍ॅटचं पटलं, तेच करते. एकच राहिलं: पुढे टूलला शेबँगवाली (पहिल्याच ओळीत #! आणि इंटरप्रिटरचा, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पाथ असलेली) स्क्रिप्ट करायची झाली तर /प्रॉक/सेल्फ/एक्झी मध्ये इंटरप्रिटरचा पाथ येतो, तिथे स्क्रिप्टचा कसा काढता?