उताणा पडून मारलेला गोल मराठीत कसा सांगायचा?

पोटोमॅककाठचा:
मंडळी एक शब्द अडलाय, मदत करा. आमच्या इथल्या मंडळाच्या अंकात मुलांच्या पानावर आइस हॉकीतल्या ॲलेक्स ओव्हेच्किनवर छोटा लेख द्यायचाय. इथे व्हर्जिनियात आमची पोरं क्रिकेट ओळखत नाहीत पण वॉशिंग्टन कॅपिटल्स टीममधला त्याचा आठ नंबर झोपेत विचारला तरी सांगतात, माझी लेक तर ती जर्सी धुवायलासुद्धा देत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने ८९५ वा गोल करून वेन ग्रेट्झ्कीचा एनएचएलमधला (इथली मोठी आइस हॉकी लीग) ८९४ गोलांचा विक्रम मोडला तेव्हापासून लेख लिहायचं डोक्यात होतं, पण मला सांगायचाय तो एकच गोल, १६ जानेवारी २००६ चा, ॲरिझोनात ग्लेनडेलला फीनिक्स कायोटीजविरुद्ध मारलेला, त्याच्या पहिल्याच सीझनमधला.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: पोरगा वीस वर्षांचा. पक (या हॉकीत चेंडूऐवजी असतो तो) घेऊन एकटा सुसाट येतो, पॉल मारा नावाचा डिफेन्सवाला अंगावर येऊन त्याला खाली पाडतो. आता हा बर्फावर पाठीवर, घसरत चाललाय, तोंड गोलाच्या उलट दिशेला, पक डोक्याच्या मागे कुठेतरी. आणि तशा अवस्थेत एका हाताने स्टिक डोक्यावरून मागे नेऊन पकाला वळसा घालतो आणि गोलात सरकवतो. गोलकीपर ब्रायन बूशे बघतच राहतो. मॅच कॅपिटल्सने ६-१ ने मारली होती म्हणजे निकाल बिकाल काही त्या गोलावर अडला नव्हता, पण इथे आजही त्याला नुसतं 'द गोल' म्हणतात, पुढेमागे काही लावावं लागत नाही.

तर मी लिहिलं, 'ओव्हेच्किनने उताणा पडून एका हाताने गोल मारला'. अंक बघणाऱ्या काकूंचा फोन. म्हणे अरे उताणा पडला म्हणजे हरला ना, मग गोल कोणी मारला? मी म्हटलं काकू आमच्याकडे नाशकात पाठीवर पडला की उताणाच म्हणतात. त्या म्हणाल्या आमच्याकडे सांगलीत उताणा पडला की घरी जातात. आता काय करू?

तालमीतला:
काकू बरोबर हायत भावा. पाठीला माती लागली की विषय संपला. चितपट, आस्मान दावलं, पाठ लागली, उताणा पाडला, सगळं एकाच जागेवरनं आलंय, आखाड्यातनं. आमचे वस्ताद तर आंघोळीनंतर पोरगं ओट्यावर उताणं पडलेलं दिसलं तरी वरडायचे, उठ, पाठ टेकू नको. त्यामुळं तू 'उताणा पडून' लिहिलंस की कोल्हापुरातला माणूस पुढचं वाचणारच न्हाई, त्याच्या डोक्यात कुस्ती सुटलेली असती.

शुद्धमती:
प्रश्न चांगला आहे, पण वाक्यात उताण्यापेक्षा मोठ्या अडचणी आहेत. 'सीझन', 'डिफेन्सवाला', 'गोलकीपर' हे मुलांच्या पानावर कशाला? हंगाम, बचावपटू, गोलरक्षक हे शब्द रोज छापले जातात. आणि 'पृष्ठशायी अवस्थेत' असे लिहिले तर हारजीतीचा प्रश्नच येत नाही.

रवाळ:
पृष्ठशायी! ताई, शेषशायी ऐकलंय, तिथे निदान लक्ष्मी पाय चेपत असते. अकरा वर्षांच्या अमेरिकेत वाढलेल्या पोरीला 'पृष्ठशायी अवस्थेत' वाचायला दिलंत तर ती मराठीतूनच रिटायर होईल.

आजीची गोधडी:
मला तर उताणा म्हटलं की बाळ आठवतं. बाळ महिनोन्‌महिने उताणंच असतं, ते काय हरलेलं असतं का? आणि एक दिवस पालथं पडतं तेव्हा घरभर आनंद, सासूबाईंनी फोन करून करून सांगितलं होतं, पालथा पडला पालथा पडला. म्हणजे पडण्यात हार असते असं काही मराठीत नाही हो, कोण पडतंय त्यावर आहे. मी आत्ता व्हिडिओ बघितला चार वेळा. तो सरळ उताणा पडतच नाहीये, आधी गुडघ्यावर येतो मग लोळतो मग पाठीवर. 'लोळण घेत' लिहा की.

चिंतोपंत:
उताणा हा संस्कृत उत्तान. ध्रुवबाळाचे वडील उत्तानपाद, योगातलं उत्तानपादासन, तोच उत्तान. मुळात अर्थ ताणलेला, पसरलेला, वर तोंड केलेला, यात पराभव कुठेही नाही. पालथा बहुधा पर्यस्त वरून, प्राकृतात पल्लत्थ. म्हणजे खरं तर उलटंपालटं व्हायचा अर्थ पालथ्यात आहे, आणि बदनामी मात्र उताण्याच्या वाट्याला आली. टिटवी बघा, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून उताणी झोपते म्हणतात. ती हरलेली नाही, ती आभाळ पेलते आहे. माझं मत, उताणा ठेवा.

रवाळ:
टिटवीला हसतात पंत, तिचं कौतुक नाही करत कोणी.

तालमीतला:
पंत, उत्तानपाद राजाला कुस्ती लावा एकदा मग सांगा.

पोटोमॅककाठचा:
😀 आजीची गोधडी, 'लोळण घेत' बरं वाटतंय पण लोळणमध्ये हट्ट करणारं पोर दिसतं ना? दुकानात खेळण्यासाठी लोळण घेतलेलं.

दुसरं एक राहिलंच, काकूंनी तेही कापलंय. मी 'नवख्या ओव्हेच्किनने' लिहिलं होतं, रूकीसाठी, म्हणजे पहिल्याच सीझनमधल्या खेळाडूसाठी. त्या म्हणतात नवखा म्हणजे ज्याला काही येत नाही तो.

सुभेदार (निवृत्त):
रंगरूट लिहा. रिक्रूटचं रंगरूट झालं, रूकीसुद्धा रिक्रूटवरूनच आला असं सांगतात, म्हणजे दोघं सख्खे भाऊ. एक इकडे पलटणीत आला, एक तिकडे खेळात गेला. मी लेहला होतो तेव्हा जानेवारीत कर्झूच्या तळ्यावर बर्फ धरायचा आणि लडाखी जवान त्यावर आइस हॉकी खेळायचे. मी मराठी माणूस, बर्फावर चालतानाच चार वेळा उताणा, एकदाही गोल नाही. तिथे पडणं ही नित्याची गोष्ट आहे. पडलेल्याला कोणी हरला म्हणत नाही, उठेपर्यंत थांबतसुद्धा नाही, त्याच्या बाजूने खेळ पुढे निघून जातो. त्यामुळे आखाड्याचे नियम बर्फाला लावू नयेत असे नम्र मत.

कोकणकडा:
सुभेदारसाहेब मस्त. रंगरूट मला आवडलं पण आजकालच्या पोरांना रंगाचा डबा वाटेल.

मधलं बोट:
काकू नवख्याबद्दल शंभर टक्के बरोबर. ओव्हेच्किन सोळाव्या वर्षापासून मॉस्कोच्या डायनामोकडून मोठ्यांच्यात खेळत होता. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला उचलला, पण २००४-०५ ला मालक-खेळाडू भांडणात एनएचएलचा अख्खा सीझन रद्द झाला म्हणून एक वर्ष तिकडेच राहिला. २००५ ला आला तो तयार माणूस आला. ५२ गोल, १०६ पॉइंट (गोल आणि गोलाला केलेली मदत मिळून) आणि वर्षाच्या शेवटी काल्डर ट्रॉफी, म्हणजे उत्कृष्ट रूकीचं बक्षीस. हा नवखा? नवखा म्हणजे बँकेत पहिल्या दिवशी स्टेपलर कुठेय विचारतो तो.

रूकी ही तिकडे कारकुनी व्याख्या आहे, आधीच्या कुठल्याही एका सीझनमध्ये पंचवीसपेक्षा जास्त मॅच खेळलेला नसावा वगैरे. १९९० मध्ये सर्गेई मकारोव्ह नावाच्या रशियनला एकतिसाव्या वर्षी उत्कृष्ट रूकीचं बक्षीस मिळालं, त्यावर एवढी बोंबाबोंब झाली की सव्वीस वर्षांच्या आतलाच हवा असा नियम केला. आणि उलट ग्रेट्झ्की! तो आधी एक वर्ष दुसऱ्या लीगमध्ये खेळून आला होता म्हणून १९७९-८० ला त्याला रूकी धरलंच नाही, ती ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही. आता गंमत बघा, ज्या मॅचमध्ये हा गोल झाला तिथे फीनिक्सचा कोच म्हणून बाकामागे कोण उभा होता? ग्रेट्झ्कीच. मान वर करून मोठ्या पडद्यावर रिप्ले बघत होता. ज्याला रूकी म्हटलं नाही तो रूकीचा गोल बघतोय, आणि तोच रूकी एकोणीस वर्षांनी त्याचा विक्रम मोडणार आहे. लेखात हे टाका, उताणा गेला खड्ड्यात.

पोटोमॅककाठचा:
हे टाकणारच. पण मग रूकीला काय लिहू? नवोदित?

शुद्धमती:
नवोदित योग्य.

रवाळ:
नवोदित फक्त कवी असतात. संमेलनात. त्यांना शेवटी बोलावतात आणि तोपर्यंत मंडपवाला खुर्च्या गोळा करत असतो.

तालमीतला:
नवा गडी लिवा. नवा गडी म्हणजे येत न्हाई असं न्हवं, नवा आलाय एवढंच. लगोरीपास्नं चालतंय.

शुद्धमती:
एक मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला. मूळ वाक्यात 'गोल मारला' आहे. पोटोमॅककाठचा यांच्याच वर्णनानुसार त्याने काही मारलेले नाही, सरकवले आहे. वर्तमानपत्रे 'गोल नोंदवला' लिहितात ते तर त्याहून वाईट. नोंदवतो तो कागदावर लिहिणारा. खेळाडू काय वही घेऊन पळतो का? 'गोल केला' हे साधे, स्वच्छ मराठी आहे.

रवाळ:
पहिल्यांदाच ताईंशी सहमत, तारीख लिहून ठेवा. माफ करा, नोंदवून ठेवा.

तालमीतला:
न्हाई, गोल मारायचाच असतो. आमच्याकडं पाटाकडील काय दिलबहार काय, तालमींच्याच फुटबॉल टीम हायत, शाहू स्टेडियमला जाऊन बघा. गोल मारत्यात, ठोकत्यात, आणि समोरच्यानं बरोबरी केली की गोल फेडला म्हणत्यात, उसनवारी असल्यागत. करायला ती काय चपाती हाय?

कोकणकडा:
मला वाटतं क्रियापदच वेगळं हवं. तो व्हिडिओ बघून मला आमच्या बागेतली आकडी आठवली. लांब काठी, टोकाला आकडा, फांदी आपल्याकडे ओढायची असली की हात डोक्यावरून मागे नेऊन अंदाजाने घालायची, कारण खाली उभं राहून वर पानांत काही दिसत नाही. बाबा आकडी घालायचे तेव्हा वर बघायचेच नाहीत, काठीला फांदी लागल्याचं हाताला कळायचं म्हणे. ओव्हेच्किनने तेच केलंय, बघितलेलं नाही, हाताला कळलंय. तर 'आकडी घालून गोल ओढला' असं काहीतरी? आणि पडण्याला 'घसरत जाता जाता' लिहिलं की उताणा पालथा दोन्ही टळतात.

आजीची गोधडी:
आहाहा, हाताला कळलं. हे फार छान.

मधलं बोट:
वाचायला छान आहे पण ओढला म्हटलं तर गोलापासून लांब ओढला असं नाही वाटत का? त्याचं डोकं गोलाकडे होतं की पाय यावर सगळं ठरेल.

चिंतोपंत:
मथळाच द्या ना, 'पडला तरी नाक वर'. उताणा असल्यामुळे नाक शब्दशः वर आहे. आणि थोडं धाडस करून सांगायचं तर 'एका हाताने टाळी वाजवली'.

शुद्धमती:
पंत, 'पडलो तरी नाक वर' ही म्हण हार कबूल न करणाऱ्या फुशारक्या माणसासाठी आहे. हा माणूस हरलाच नाही.

चिंतोपंत:
म्हणूनच तर. म्हण उलटी करायची. भाषा अशीच वाढते.

शुद्धमती:
भाषा अशी वाढत नाही, सुजते.

पोटोमॅककाठचा:
भांडू नका हो, अंक शुक्रवारी जायचाय. सध्या असं झालंय: 'त्या वर्षी नव्याने आलेल्या ओव्हेच्किनला धक्का बसला, तो पाठीवर घसरत गेला, आणि गोलाकडे न बघता, एका हाताने, त्याने काठी मागे नेऊन चकती आत सरकवली.' गोल शब्दच काढला शेवटी. काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या पाठीवर ठीक आहे, पण चकती म्हणजे काय? तर पक म्हणजे कडक रबराची, तीन इंच रुंद एक इंच जाड, मॅचआधी गोठवतात म्हणजे उसळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या मग ती चकती नाही, चकती पातळ असते, काकडीची असते. हा ठोकळा झाला.

सुभेदार (निवृत्त):
लेहला आमचे एक हवालदार तिला सोंगटी म्हणत. कॅरमची.

कोकणकडा:
कॅरमची कुकरी ना? सोंगटी सारीपाटाची.

तालमीतला:
कुकरी कोण म्हणतंय? सोंगटीच.

रवाळ:
आमच्या ठाण्यात अर्धी चाळ कुकरी म्हणायची, अर्धी सोंगटी, राणी मात्र सगळ्यांची राणीच.

आजीची गोधडी:
आमच्याकडे कुकरी. पण ती हरवली की तिच्या जागी शर्टाचं मोठं बटण ठेवायचो, त्याला काय म्हणायचं?