गणपतराव देशमुख: ११ वेळा आमदार, पण तालुक्याच्या पदरात काय पडलं?

दुष्काळी_पट्टा (धागाकर्ता)
सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की चर्चा त्यांच्या साधेपणापाशी, एसटीच्या प्रवासापाशीच अडकते. ती इथे नको. १९६२ पासून २०१९ पर्यंत १९७२ आणि १९९५ चे पराभव वगळता सांगोल्याने त्यांनाच निवडून दिलं. एकूण ११ वेळा, तेही प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). मंत्रिपद मात्र फक्त १९७८ च्या पुलोद (शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर, नाहीतर सत्तेच्या कडेला. कायम दुष्काळी तालुक्याला हे परवडलं का? कृष्णेचं पाणी उपसून आणणारी टेंभू योजना १९९६ ची, पण पाणी सांगोल्याच्या शिवारात दिसायला २०१० उलटून गेलं. सत्तेतला आमदार असता तर ते लवकर आलं असतं, असं माझं मत.

कपात_सूचना
टेंभूचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याच योजनेवर कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुकेही आहेत. तिथले पतंगराव कदम आणि आर. आर. पाटील वर्षानुवर्षं मंत्री होते, आबा तर गृहमंत्रीही झाले. तरी या तालुक्यांनीही वाट पाहिलीच. उशिराचं कारण आमदाराच्या पक्षात शोधून सापडणार नाही, ते पैशात आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी पाणी २००० पर्यंत अडवायचं म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढलं, रोखे विकले आणि एकाच वेळी ढीगभर कामांचे नारळ फोडले. पैसा पातळ पसरला. पुढे मागास भागांच्या सिंचन अनुशेषाबाबत राज्यपालांचे निर्देश आले आणि पश्चिम महाराष्ट्राच्या सिंचनाला हात आखडता झाला. यात एकट्या सांगोल्याचा मंत्री काय करणार होता?

उलट १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतरावांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली नसती, तर कृष्णेचं पाणी उचलून या पठारावर आणायचा विषय सरकारच्या टेबलावर इतक्या जोरात आलाच नसता. महामंडळ त्याच्यानंतरचं आहे, तारखा बघा.

दुष्काळी_पट्टा
परिषदेचं श्रेय मान्य. पण परिषद घेणं आणि तरतूद पळवून आणणं यात फरक आहे. अर्थसंकल्पाच्या आधी कोण कोणाच्या केबिनमध्ये बसतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

खडीफोड
विरोधी आमदार केबिनमध्ये बसत नसेल, पण सभागृहात बसतो, आणि हे हत्यार कसं चालतं हे आता फारसं कोणी शिकत नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, टाकायचा. शंभर टाकले तरी प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच पुकारले जातात, बाकीचे लेखी उत्तरावर संपतात. हौशी आमदार तिथेच थांबतो. मुरलेला माणूस लेखी उत्तरातली विसंगती हेरतो, त्यावर अर्धा तास चर्चा मागतो, तिथे मंत्र्याकडून "करू" एवढं वदवून घेतो. मंत्री सभागृहात "करू" म्हणाला की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याच्या मागे लागते. विषय मोठा असेल तर नियम २९३ खाली चर्चा आणि खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे तरतूद कापायचा प्रस्ताव मांडून मंत्र्याला उत्तर द्यायला लावायचं. हे सगळं जमायला आकडे पाठ लागतात, अधिवेशनभर जागेवर बसावं लागतं. आता बरेचजण लक्षवेधी लागली की बोलतात, व्हिडिओ टाकतात आणि निघतात.

गणपतरावांचं खरं काम रोजगार हमीत दिसतं. रोहयो विधेयक नुसतं मंजूर होऊन भागत नव्हतं. काम मागितल्यावर ते मिळतंय का, मोजमाप बरोबर होतंय का, मजुरी थकते कुठे, हे दर अधिवेशनात कोणीतरी उकरून काढावं लागायचं. पाझर तलाव, नालाबांध त्यातून झाले. पुढे १९९० च्या सुमारास फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब आलं. आमदाराच्या सत्तेने डाळिंब आलं नाही, योजना राबवून आलं.

दुष्काळी_पट्टा
आणि त्या डाळिंबावर तेल्या रोग आला, मर रोग आला, मग खोडकिडीने बागा काढायला लावल्या. एका पिकावर तालुका टांगला गेला.

खडीफोड
तेल्याही आमदारानेच आणला म्हणा आता.

मतपेटी
दोन्हीकडून खरा मुद्दा सुटतोय. निव्वळ कामावर ११ विजय मिळत नाहीत. १९९५ ला ते शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी हरले (हो, पुढे गुवाहाटीच्या फोनमुळे राज्यभर गाजलेले तेच). तेव्हा काम संपलं होतं का? नाही, बेरीज चुकली होती. धनगर समाजाचा भक्कम आधार, गावोगावचे लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते आणि नंतरच्या काळात राष्ट्रवादीच्या दीपक साळुंखे गटाची साथ, हे तिन्ही जुळलं की विजय सोपा. २०१४ ला फरक २५ हजारांच्या आसपास होता. २०१९ ला वयामुळे ते थांबले, नातू अनिकेत उभे राहिले, साळुंखे गट बापूंकडे गेला आणि जागा हजाराच्या आतल्या फरकाने गेली. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले, पण तेव्हा साळुंखे स्वतःच ठाकरे गटाकडून तिसरे उमेदवार होते.

आणि "देशातला विक्रम" म्हणणाऱ्यांसाठी: केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. तेव्हा जपून.

दुष्काळी_पट्टा
मतपेटीने माझा पुढचा मुद्दा आयता दिला. वारस घरातूनच आला. साठ-सत्तरच्या दशकात विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद शेकापकडे असायचं: कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, स्वतः गणपतराव. २०१४ ला पक्षाचे ३ आमदार, २०१९ ला १, २०२४ ला १. सर्वात ज्येष्ठ नेता म्हणून याचा हिशेब त्यांच्याकडे मागायचा नाही?

कपात_सूचना
मागा, पण एकट्याकडे नको. शेकाप आटला तो बऱ्याच अंशी काँग्रेसने एकेक मोहरा उचलल्यामुळे. सहकारी साखर कारखाना आणि बँक हातात असलेल्या पक्षाशी लढताना दुसरी फळी टिकत नाही. हां, घरातल्याच दोघांना पुढे केलं, ते मलाही पटलं नाही. पक्षाचं नाव शेतकरी कामगार आहे, देशमुख नाही.

टेल_एंड
भांडण जुनं आहे, पण प्रश्न आजचा बोला. सांगोला टेंभूच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे, नीरा उजव्या कालव्याच्याही टेलला आहे. आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की वरचे आधी भिजवतात, शेवटच्या वितरिकेला पोचेपर्यंत दाब मरतो. उपसा योजनेच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के पाणीपट्टीतून वसूल करायचे. वसुली थकली की पंप बंद, आणि पंप बंद झाले की ज्याने पैसे भरले तोही कोरडा. बंद पाइपातून वितरण आणि प्रत्येक फाट्यावर मीटर असल्याशिवाय हे सुटणार नाही. २०१९ ते २०२४ मधली बरीच वर्षं तालुक्याचा आमदार सत्ताधारी बाकावर होता. तेवढ्या काळात टेलचं आवर्तन किती सुधारलं, ते धागाकर्त्याने सांगावं.

दुष्काळी_पट्टा
बापूंच्या काळात निधी आला, कामंही निघाली, हे नाकारू नका. मीटरचं मान्य. पण त्याची तरतूद विरोधी बाकावरून कशी मिळवणार, हे कपात_सूचना यांनी सांगावं.

कपात_सूचना
तेराही तालुक्यांचे आमदार पक्ष बाजूला ठेवून एकत्र बसवून. १९९३ ला पाणी परिषदेने तेरा तालुके एकत्र आणले होते तसेच.