दोन फटी आणि पोलरायझर: गेलेले पट्टे परत का येत नाहीत?

धारणी_विज्ञान
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनीसाठी यंगचा दोन फटींचा प्रयोग मांडला आहे. लाल लेझर पॉइंटर, ब्लेडची दोन पाती, मधोमध तांब्याची तार. चार मीटरवर चुन्याच्या भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे स्वच्छ दिसतात. नंतर बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी) कापून एका फटीवर उभी, दुसरीवर आडवी लावली. पट्टे गेले, ते अपेक्षितच होतं; काटकोनी दिशांत कंपणारे दोन प्रकाश मिळून पट्टे करत नाहीत. पण फटींच्या पुढे तिसरी फिल्म ४५ अंशांत धरली तरी ते परत येत नाहीत, नुसता फिकट डाग. फिल्म खराब की मांडणी?

किरण_वर्धा
सर, पट्टे गेले ते बहुधा भलत्याच कारणानं. डायोड लेझरचा (पॉइंटरमधल्या लेझरचा) प्रकाश मुळातच एका दिशेत ध्रुवित, म्हणजे त्याच दिशेत कंपणारा असतो. ती दिशा उभ्या फिल्मशी जुळली असेल तर आडव्या फिल्मची फट बंद असल्यासारखीच. एकाच फटीतून प्रकाश येतोय, मग तिसरी फिल्म मिसळणार कोणाला?

फटी काढा, पॉइंटरसमोर एकच फिल्म उभी धरा आणि पॉइंटर स्वतःभोवती फिरवा. डाग सगळ्यात मंद होईल तिथे पॉइंटरच्या नळीवर पेनानं खूण करा. मग नळी स्वतःभोवती बरोबर ४५ अंश फिरवून बसवा. फटी परत लावून तिसरी फिल्म आधी उभी, मग आडवी धरा. भिंतीवरचा उजेड दोन्ही वेळा सारखा हवा. तो जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बल्ब किंवा उन्हावर हा खेळ करायचा तर फटींच्या आधीही एक फिल्म ४५ अंशांत लागते. अध्रुवित (सगळ्या दिशांत कंपणारा) प्रकाश दोन फटींवरच्या काटकोनी फिल्ममधून गेला की पुढे काहीही धरा, पट्टे येत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल आणि अरागो यांनी १८१९ मध्ये हेच मांडलं.

रिवायंडिंग_वरूड
राजे हो, तारेचं पाहा आधी. मोटार रिवायंडिंगवाल्याकडून ३० गेजची तार घ्या, ०.३१ मिमीची. दोन्ही बाजूंची फट ब्लेडच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिमी. फटींचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ०.४१ मिमी झालं, चार मीटरवर पट्टे सहा मिमीवर येतात. तार याहून बारीक घेतली तर दोन फिल्मचा सांधा तिच्यामागे लपवता लपवता जीव जाते. सांध्यात जराही फट नको, तिथून लेझर सरळ घुसते. त्यापेक्षा थोडं एकावर एक चढलेलं बरं, काटकोनी फिल्म चढल्या की तेवढी जागा आपोआप काळी.

अन् प्रकाशाच्या वाटेत चिकटपट्टी लावू नका. ती ताणून बनवतात, ध्रुवीकरणच बदलवते. झटपट चिकटणारा गोंदही नको, त्याच्या वाफेनं फिल्म पांढरी पडते. कडेला नेलपॉलिशचा ठिपका पुरे. कॅल्क्युलेटरच्या फिल्मवरचा डिंक स्पिरिटनं पुसा, नाही तर सगळा डाग धुकट.

धारणी_विज्ञान
नळी फिरवली, पट्टे परत आले. मुलांकडे ३-डी सिनेमाचे चष्मे आहेत, तिसऱ्या फिल्मऐवजी चालतील? आणि तिसरी फिल्म उलट्या बाजूला ४५ अंश वळवली की उजेडाच्या जागी अंधार येतो, हे कसं?

किरण_वर्धा
चष्मे नको. बरेचसे वर्तुळाकार ध्रुवणाचे (कंपनाची दिशा गोल फिरत राहणाऱ्या प्रकाशाचे) असतात, वर एक जास्तीचा थर असतो, निकाल गोंधळाचा येतो.

अंधार-उजेडाची अदलाबदल हाच तर प्रयोगाचा गाभा. पट्टे दिसत नव्हते तेव्हाही भिंतीवर सगळीकडे सारखा प्रकाश नव्हता: काही जागी तो एका तिरप्या दिशेत ध्रुवित, अर्धा पट्टा सरकलं की दुसऱ्या तिरप्या दिशेत, मधल्या जागी वर्तुळाकार. डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात. फिल्म एका तिरप्यावर धरली की पट्ट्यांचा एक संच, दुसऱ्यावर त्यांच्या मधल्या जागांत बसणारा दुसरा. दोन्ही बेरजेला सपाट उजेड. भिंतीवर कागद लावून काळ्या रेषा पेन्सिलनं आखा, मग फिल्म वळवा, मुलांना लगेच दिसेल. लेझर मात्र मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला नको.