एआयनं काढलेलं माझं मांजर कुणाचं?

ओलीछत्री: मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. शब्द सगळे माझे, १४ चित्रं मात्र एआयकडून काढून घेतली. मुखपृष्ठावर रेनकोट घातलेलं मांजर आहे. त्याच्यासाठी तीन रात्री प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, बदलत बसले होते. कधी पंजाला सहा बोटं, कधी दोन शेपट्या. शेवटी एक शेपटी मीच पुसली, मिशा हातानं काढल्या. आता तेच मांजर कुणीतरी वह्यांच्या कव्हरवर छापलंय. विचारलं तर म्हणे, "एआयच्या चित्राला मालक नसतो." खरंच नसतो?

जुना_मसुदा: अमेरिकेपुरतं त्याचं बरंचसं बरोबर आहे. २०२३च्या फेब्रुवारीत तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं तुमच्यासारख्याच एका प्रकरणात चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांवरचा हक्क मान्य केला, पण मिडजर्नी या एआय टूलनं काढलेली सुटी चित्रं वगळली. त्याच वर्षी आणखी एकानं किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलल्याचं सांगितलं, तरी नोंदणी मिळाली नाही. तीन रात्रींचं तिथे कुणी ऐकणार नाही. गोष्टीचे शब्द मात्र तुमचेच, त्यात वाद नाही.

कलमबहाद्दर: सगळं जग म्हणजे अमेरिका नव्हे हो! बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयानं २०२३च्या नोव्हेंबरात स्टेबल डिफ्यूजन या एआय टूलवर केलेल्या चित्राचा हक्क प्रॉम्प्ट देणाऱ्याला दिला आणि ५०० युआन भरपाईही. भारताच्या कायद्यात तर १९९४च्या दुरुस्तीपासून संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे 'ती निर्माण करवणारी व्यक्ती' असं कलम २(डी)(६) मध्ये आहे. ही व्यक्ती प्रॉम्प्ट देणारी की सॉफ्टवेअर बनवणारी, एवढं सांगायचं मात्र कायदा विसरला.

ओलीछत्री: पण त्या टूलच्या अटींत 'तयार झालेलं चित्र तुमचं' असं लिहिलंय ना?

जुना_मसुदा: तो करार तुमच्यात आणि कंपनीत. वह्या छापणाऱ्यानं त्यावर सही केलेली नाही. आणि चित्रावर मुळात कॉपीराइटच नसेल, तर कंपनी तुम्हाला देणार काय? त्यापेक्षा एआयकडून आलेली मूळ फाइल आणि तुम्ही दुरुस्त केलेली फाइल, दोन्ही जपून ठेवा. हातानं केलेल्या भागावर अमेरिकेतही दावा करता येतो, तो भाग अगदीच किरकोळ नसेल तर.

कलमबहाद्दर: म्हणजे मिशा यांच्या, मांजर बेवारस!

ओलीछत्री: हसू नका. दोन्ही फाइली सापडल्या. एआयच्या मांजराला मिशाच नव्हत्या. मी डावीकडे तीन काढल्या आणि उजवीकडे चार, तेव्हा मोजायला चुकले होते. वहीवरच्या मांजरालाही तीन आणि चारच आहेत. आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून वह्या छापणाऱ्याला पाठवतेय.