भुलाबाईला शनिवारीच निरोप द्यावा का?

पुण्यातली जळगावकरीण

भुलाबाई म्हणजे पार्वती; आमच्याकडे मुली तिची मूर्ती भाद्रपद पौर्णिमेला मांडतात, रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि कोजागरीला तिला निरोप देतात. यंदा, म्हणजे 2025 साली, भाद्रपद पौर्णिमा 7 सप्टेंबरला झाली आणि कोजागरी 6 ऑक्टोबरला, सोमवारी येत आहे. दसरा आणि गांधी जयंती गुरुवारी एकाच दिवशी आल्यामुळे शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे मिळतात. म्हणून शाळेपासूनच्या आम्ही पाच मैत्रिणींनी बुधवारी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसने निघून जळगाव गाठायचे ठरवले आहे. गुरुवारी दसरा, शुक्रवारी यावल तालुक्यातल्या माझ्या मामांच्या शेतात भरीत, शनिवारी रात्री एकीच्या गच्चीवर आमच्या सगळ्यांच्या मुलींची गाणी, आटीव दूध आणि तिथेच भुलाबाईला निरोप, रविवारी परत, असा बेत आहे.

माझ्या आईला तो मान्य नाही. भुलाबाई महिनाभरासाठी माहेरी आलेली असते आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तिची पाठवणी करणे म्हणजे लेकीला गाडीच्या वेळेवर घराबाहेर काढणे आहे, असे ती म्हणते. सोमवारी मुलींची सत्र परीक्षा सुरू होते, त्यामुळे एकही रात्र न मिळण्यापेक्षा शनिवारची रात्र बरी, असे मला वाटते. तुमचे मत काय?

तापीकाठ

ताई, मी तुमच्या आईंच्या बाजूने आहे. मात्र माझे कारण तिथीचे नाही. एका रात्रीत सगळी गाणी म्हणून घेतली तर तो कार्यक्रम होईल, भुलाबाई होणार नाही. आमच्या लहानपणी रोज दिवेलागणीला एका घरून दुसऱ्या घरी जायचे, तिथल्या भुलाबाई-भुलोजींपुढे (भुलोजी म्हणजे शंकर) फेर धरून तीच ती गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरचा खाऊ ओळखायचा, असे तीस दिवस चालत असे. त्या खाऊचा झाकलेला स्टीलचा डबा काकू कानाशी नेऊन हलवायच्या. फुटाणे खुळखुळत, मुरमुरे नुसते सळसळत आणि लाडू एकदाच धप्प आवाज करून गप्प बसत. एका घरच्या काकू फार वस्ताद होत्या. त्या डब्यात घडी केलेले फडके घालत, म्हणजे आवाजच येत नसे, आणि आम्ही गोड की तिखट इथपासून सुरुवात करून हरत असू. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाची सासू हात आखडता घेते, कोणत्या घरात यंदा पैशांची ओढाताण आहे, हे सगळे त्या महिन्यात पोरींना आपोआप कळत असे. शनिवारच्या गच्चीवर पाच डबे एका ओळीत मांडून हे कसे कळणार?

अमळनेरची सून

तीस दिवस म्हणणे सोपे आहे. ते तीस डबे कोण भरत होते, हे या आठवणींमध्ये कधीच येत नाही. भादव्याच्या अखेरीस उडीद-मुगाची काढणी झालेली असते, पाठोपाठ कपाशीची पहिली वेचणी येऊन ठेपते, त्यातच नवरात्राचे उपास, आणि दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने संध्याकाळी पंधरा-वीस मुलींना पुरेल असा, काल केला नव्हता असा पदार्थ करायचा. माझ्या सासरी एका वर्षी मी सलग दोन दिवस फुटाणेच ठेवले, तर तो शेजारणींच्या बोलण्याचा विषय झाला आणि दिवाळीपर्यंत पुरला. मला मुलींची गाणी आवडतात, स्वतःच्या मुलीलाही मी ती शिकवली आहेत. परंतु पाच मैत्रिणी एका रात्रीसाठी पाच पदार्थ वाटून घेत असतील, तर त्यात भुलाबाईचा काय अपमान होतो ते मला समजलेले नाही. शनिवारच योग्य.

धुळेकर

आमच्याकडे तिला गुलाबाई म्हणतात, एवढे नोंदवून पुढे जातो.

तिथी हलवता येत नाही असे मानणाऱ्यांना 2023 ची कोजागरी आठवत असेल. ती 28 ऑक्टोबरला आणि नेमकी शनिवारी आली होती, पण त्याच रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होते. आमच्या इमारतीत काहींनी दूध दुपारीच उरकले, काहींनी दुसऱ्या दिवशी आटवले, आणि वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षकांनी ग्रहण पाहत पाहतच प्यायले. म्हणजे सोयीने दिवस बदलणे आपल्याला नवे नाही. ग्रहणासाठी चालते, तर परीक्षेसाठी का चालू नये?

तापीकाठ

कारण तुम्ही दूध हलवले होते, पाठवणी नव्हे. सूनबाईंचे म्हणणे मात्र मला मान्य करावे लागेल. माझ्या आठवणीतल्या काकू नेहमी दारात उभ्या राहून हसतात, चुलीपाशी कधीच दिसत नाहीत.

काळी जमीन, यावल

मुख्य वादात मी पडत नाही, पण शुक्रवारच्या भरिताबद्दल बोलले पाहिजे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या बामणोदच्या वांग्याचे नाव सगळीकडे घेतले जाते, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्याला ते बारमाही वाटते. खरी चव थंडी पडल्यावर येते. दसऱ्याला मिळणारे वांगे दिसायला हिरवे-पांढरे आणि मोठे असले, तरी भाजल्यावर बरेचदा पाणी सोडते. शिवाय ते भाजायला कपाशीच्या काड्या लागतात, आणि या दिवसांत कपाशी शेतात उभी असते. मामांनी गेल्या वर्षीच्या काड्या पावसापासून वाचवून ठेवल्या असतील तरच जमेल. गॅसवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटले तर त्याला भरीत म्हणू नये, ही माझी विनंती. डिसेंबरात या, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीसह खाऊ घालतो.

आता भुलाबाईबद्दल एकच सांगतो. आमच्या घरी कोजागरीला तिच्याभोवती ज्वारीच्या ओल्या धांड्यांचा मखर करतात. शनिवारी तोडलेली धांडे सोमवारी माना टाकतात. मखर कोणत्या दिवशी करायचा ते आधी ठरवा.

पुण्यातली जळगावकरीण

सर्वांचे आभार. मामांना फोन केला होता. काड्या भिजल्या आहेत, त्यामुळे भरीत डिसेंबरात जाते आणि शुक्रवारी शेवभाजी होईल. आईशी पुन्हा बोलले. मूर्ती तिच्याच घरी राहील, शनिवारी गच्चीवर फक्त गाणी आणि दूध होईल, आणि पाठवणी ती स्वतः सोमवारी करील. मखरही सोमवारीच. तिच्या गल्लीत गाणी येणाऱ्या आता तीनच मुली उरल्या आहेत, पण त्या येतो म्हणाल्या आहेत.

अमळनेरची सून

आणि सोमवारचा डबा कोण भरणार? आईच ना?

पुण्यातली जळगावकरीण

नाही. मी रविवारी निघण्यापूर्वी शंकरपाळे करून ठेवणार आहे, ते टिकतील. फक्त ते फार वाजतात, त्या तिघी पहिल्याच झटक्याला ओळखतील.

तापीकाठ

डब्यात फडके घाला.